अँटी-टीपीओ वाढल्याचा रिपोर्ट हाती आल्यावर: हाशिमोटो आजाराची कारणे, परिणाम आणि पहिल्या वर्षाची वाट

सहा वर्षांपूर्वी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, माझ्या हातात रक्ततपासणीचा एक रिपोर्ट आला. त्यात टीएसएच ११.८ होते आणि ‘अँटी-टीपीओ’ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटीबॉडीचे, प्रमाण) या नावासमोर सहाशेच्या वरचा आकडा जाड ठशात छापलेला होता. त्याआधीचे जवळजवळ वर्षभर मी दुपारच्या तासाला वर्गात उभी राहू शकत नव्हते, केस विंचरले की फणीत गुंतवळ येत होते, आणि घरातल्या सगळ्यांना पंखा हवा असताना मी शाल पांघरून बसत होते. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती आयुष्यभर घ्यावी लागेल असे सांगितले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. हा आजार कशामुळे होतो, शरीरात तो नेमके काय करतो, आणि गोळीने तो बरा होतो की केवळ उणीव भरून निघते, यांपैकी काहीही मला त्या दिवशी कळले नाही. ते कळायला दोन वर्षे गेली. तुमची ती दोन वर्षे वाचावीत म्हणून हा लेख लिहिला आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे डोस किती घ्यावा, गोळी सुरू करावी की थांबावे, हे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच आहेत. त्यांच्यासमोर बसताना आपल्याला काय ठाऊक असावे, एवढेच मी सांगू शकते.

१. आजार आणि उणीव या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा

थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून असते. तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. अन्नातून आलेले आयोडीन वापरून ती टी४ आणि टी३ ही दोन संप्रेरके तयार करते, आणि शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी किती वेगाने काम करणार हे त्यांवर ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड कमी पडू लागली की पिट्यूटरी टीएसएच वाढवते, म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त दिसणे याचा अर्थ थायरॉइडचे काम कमी पडणे असा होतो. हे उलटे गणित पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांचा गोंधळ उडतो.

हाशिमोटो आजारात आपलीच प्रतिकारयंत्रणा या ग्रंथीला परके समजते. पांढऱ्या पेशींपैकी लिंफोसाइट ग्रंथीत शिरतात, संप्रेरक बनवणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट करतात आणि त्यांच्या जागी व्रणासारख्या तंतूंचे जाळे तयार होते. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये गलगंड झालेल्या चार स्त्रियांच्या ग्रंथींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे चित्र प्रथम नोंदवले. हल्ला आपल्याच शरीराकडून होतो हे मात्र १९५६ मध्ये, अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्या थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे सापडल्यावर, स्पष्ट झाले.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रतिकारयंत्रणेचा हा हल्ला म्हणजे आजार. त्यामुळे संप्रेरक कमी पडणे म्हणजे उणीव. आपण घेतो ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी उणीव भरून काढते आणि ते काम ती उत्तम करते, कारण ती शरीरातील टी४ सारखीच असते. परंतु ती हल्ला थांबवण्यासाठी बनवलेली नाही. ‘गोळी घेऊनही अँटी-टीपीओ कमी होत नाही’ अशी तक्रार घेऊन मी दोनदा लॅबमध्ये पैसे घालवले. तो आकडा खाली आणणे हे उपचाराचे उद्दिष्टच नाही, हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

याच कुटुंबातला दुसरा आजार ग्रेव्हज या नावाने ओळखला जातो. त्यात प्रतिपिंडे ग्रंथीला नष्ट न करता सतत उत्तेजित करतात, त्यामुळे वजन घटणे, छातीत धडधड, हात कापणे, डोळे पुढे येणे अशी उलट लक्षणे दिसतात. त्याचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. शेजारणीला ‘थायरॉइड आहे’ म्हणून तिची गोळी आपल्याला चालेल, असे कधीही समजू नका; तिला नेमका कोणता थायरॉइड आहे हे बहुधा तिलाही ठाऊक नसते.

२. रिपोर्ट स्वतः वाचायला शिका

तीन आकडे महत्त्वाचे आहेत: टीएसएच, फ्री टी४ (रक्तात मोकळे असलेले टी४) आणि अँटी-टीपीओ. टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास छापलेली असते, पण ती लॅबनुसार थोडी बदलते. म्हणून आपला आकडा त्याच कागदावरील मर्यादेशी ताडून पाहावा आणि शक्य तोवर लॅब बदलू नये. टी४ थोडेसे उतरले तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे टीएसएच ४ वरून ८ झाले म्हणजे आजार दुप्पट झाला असा हिशेब चुकीचा ठरतो.

टीएसएच वाढलेले पण फ्री टी४ मर्यादेत, या स्थितीला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. टीएसएच १० च्या वर असेल तर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतात. त्याखाली असेल तर वय, लक्षणे, प्रतिपिंडे, हृदयाची स्थिती आणि गर्भधारणेचा विचार पाहून ठरवतात, आणि काही वेळा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून मगच निर्णय घेतात. असे थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे, कारण एखाद्या आजारपणानंतर तात्पुरते वाढलेले टीएसएच आपोआप खाली येऊ शकते.

अँटी-टीपीओ वाढलेले असणे आणि आजाराने त्रास होत असणे यांत अंतर आहे. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, जिच्यात मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड कमी पडणे) आढळला, पण अँटी-टीपीओ वाढलेल्यांचे प्रमाण २२ टक्क्यांच्या जवळ होते. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे वीस वर्षे चाललेल्या पाठपुराव्यात, टीएसएच आणि प्रतिपिंडे दोन्ही वाढलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी १०० मागे सुमारे ४ जणींची थायरॉइड पूर्ण कमी पडू लागल्याचे दिसले. म्हणजे केवळ प्रतिपिंडे सापडली म्हणून हादरून जाण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा टीएसएच तपासत राहण्याचे कारण मात्र नक्की आहे.

एक सापळा इथेच सांगते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असते, आणि अनेक लॅबच्या यंत्रांत ते तपासणीच्या रसायनातच ढवळाढवळ करते. त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी४ खोटे जास्त येऊ शकते. केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचे आणि त्याच बायोटिनमुळे केस गळण्याचे खरे कारण रिपोर्टमधून पुसले जायचे, असे घडू शकते. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा, मात्रा मोठी असेल तर किती दिवस हे डॉक्टरांना विचारा, आणि लॅबमध्येही सांगा.

३. ‘मलाच का?’ या प्रश्नाकडे शांतपणे पाहा

या आजाराचे एकच एक कारण नसते. आनुवंशिक कल, स्त्री-शरीराची घडण आणि बाहेरून आलेले एखादे निमित्त, या तिन्हींचा मेळ बसला की तो सुरू होतो.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात, हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला हाशिमोटो असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास निघाले, तर साध्या जुळ्यांत ते जवळपास नव्हतेच. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो: जनुके एकसारखी असूनही उरलेल्या निम्म्यांना आजार झाला नाही. घराण्यात काय पाहायचे याचीही एक गोष्ट आहे. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ‘आमच्याकडे कोणालाच थायरॉइड नाही’ असे मी ठामपणे सांगितले होते. आत्याच्या हातावरचे कोड मात्र मला आठवले नाही. कोड, टाइप १ मधुमेह, सीलिअॅक आजार (गव्हामुळे आतड्याला इजा होणारा), पर्निशिअस अॅनिमिया (ब-१२ न शोषल्याने होणारा), संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार हे सगळे ऑटोइम्यून, म्हणजे आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्यातून होणारे, आजार आहेत आणि ते एकाच घरात वेगवेगळ्या माणसांत निघतात. म्हणून घरी मोठ्या माणसांना बसवून विचारा. ‘थायरॉइड होता का’ एवढेच न विचारता ‘मावशीची मान फुगलेली होती का, कोणाच्या अंगावर पांढरे डाग होते का’ असे विचारा. माझ्या आईला आजीच्या गळ्याची गाठ तेव्हाच आठवली.

स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो. पाच ते दहा पट असा अंदाज दिला जातो. बाळंतपणानंतरचे वर्ष विशेष नाजूक असते. गरोदरपणात प्रतिकारयंत्रणा काहीशी शांत ठेवली जाते आणि प्रसूतीनंतर ती उसळून उठते. या काळात थायरॉइडला सूज येऊन आधी धडधड आणि चिडचिड, नंतर थकवा आणि उदासी असा क्रम दिसू शकतो. आपल्याकडे तो ‘ओली बाळंतीण आहे, जागरणाने होते’ म्हणून सोडून दिला जातो. बाळंतिणीचा थकवा उतरत नसेल तर एक टीएसएच तपासणी मागून घ्या.

बाहेरच्या निमित्तांत आयोडीन सर्वांत जास्त गैरसमज घेऊन येते. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात पूर्वी गावेच्या गावे गलगंडाने त्रस्त होती. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मीठ हा साधा उपाय सिद्ध झाला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या मिठाने असंख्य मुलांचे मेंदू वाचवले आहेत. दुसरीकडे हेही खरे आहे की आयोडीन गरजेपेक्षा बरेच जास्त झाले तर कल असलेल्या माणसात ऑटोइम्यून थायरॉइडायटिसला, म्हणजे हाशिमोटोसारख्या आजाराला, चालना मिळू शकते. चीनमधील वेगवेगळे आयोडीन-प्रमाण असलेल्या भागांची तुलना करून २००६ मध्ये ते दाखवले गेले. यावरून काहीजण घरातले मीठ बदलून सैंधव आणतात. कृपया तसे करू नका. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर स्त्रीला सुमारे २५०, आणि नेहमीच्या स्वयंपाकातले मीठ ती गरज भागवते. टाळायचे ते वरून घेतलेले आयोडीनचे थेंब आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या. तुमचा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नाही, त्यामुळे जास्त आयोडीनने तो सुधारत नाही आणि बिघडू मात्र शकतो.

काही औषधेही निमित्त ठरतात: लिथियम, हृदयासाठीचे अॅमिओडॅरोन, इंटरफेरॉन, आणि कर्करोगावरील नवी इम्युनोथेरपी. यांपैकी काही चालू असेल तर स्वतःहून बंद न करता थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी. धूम्रपानाचा ग्रेव्हजशी, विशेषतः त्यातील डोळ्यांच्या त्रासाशी, स्पष्ट संबंध आहे. मानसिक ताणाचा धागा ग्रेव्हजच्या बाबतीत बराच चर्चिला गेला आहे. हाशिमोटोच्या बाबतीत तो पुरावा पक्का नाही. म्हणून ‘तू फार विचार करतेस म्हणून हे झाले’ असे कोणी म्हटले तर ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही चुकीचे केले किंवा काही करायचे राहून गेले म्हणून हा आजार झालेला नाही.

४. परिणाम ओळखा, कारण ते एकमेकांशी संबंध नसल्यासारखे येतात

या आजाराची लक्षणे चोरपावलाने येतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र कारण सापडते. थकवा कामामुळे, वजन वयामुळे, केस पाण्यामुळे, विसरभोळेपणा झोपेमुळे. मी तर हातांच्या मुंग्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे आणि कोरड्या त्वचेसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आले होते, आणि दोन्हींचे मूळ एकच निघाले. मनगटातील ऊती सुजल्याने नस दाबली जाते, म्हणून मुंग्या येतात. आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून बद्धकोष्ठता होते. त्वचेखाली पाणी धरून ठेवणारा पदार्थ साचतो, म्हणून सकाळी पापण्या सुजतात आणि बोटातली अंगठी निघत नाही. आवाज घोगरा होतो. भुवयांची बाहेरची टोके विरळ होतात. पाळीत जास्त रक्तस्राव होतो, त्यातून लोह घटते आणि थकव्यात भर पडते.

न दिसणारे परिणाम जास्त काळजीचे आहेत. यकृत एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तातून उचलण्यात मागे पडते, त्यामुळे ते वाढते. म्हणूनच कोलेस्टेरॉल अचानक वाढलेले दिसले तर त्याची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच पाहिले जाते. नाडी मंद होते, खालचा रक्तदाब वाढू शकतो, बीजधारणेत अडथळा येतो, गर्भपाताचा धोका वाढतो. मनावरचा परिणाम मी मुद्दाम वेगळा सांगते, कारण त्याने मला सर्वांत जास्त घाबरवले होते: फळ्यावर लिहिता लिहिता ओळखीचा शब्द आठवत नसे, आणि संध्याकाळी कारण नसताना रडू येई. उदासीचे हे रूप शरीरातून आलेले असू शकते, हे घरच्यांनाही कळू द्या. त्याच वेळी, संप्रेरक योग्य पातळीवर येऊन तीन-चार महिने झाले तरी उदासी हटत नसेल तर तिचे स्वतंत्र उपचार घ्यावेत; सगळे काही थायरॉइडवर ढकलू नये.

वजनाबद्दल खरे सांगायचे तर, थायरॉइड कमी पडल्यामुळे वाढणारे वजन बहुधा थोडेच असते आणि त्यातही बराच भाग साठलेल्या पाण्याचा असतो. गोळी सुरू झाल्यावर दोन-चार किलो उतरतील; पंधरा किलो उतरावेत म्हणून डोस वाढवून मागणे मात्र हृदयाला आणि हाडांना महागात पडते.

ग्रंथीचा आकार घरी पाहता येतो. आरशासमोर उजेडात उभे राहा, मान किंचित मागे टाका, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खालचा भाग पाहा. तिथे एखादा फुगवटा वरखाली होताना दिसला, एक बाजू मोठी वाटली, किंवा पूर्वी नव्हती अशी गाठ हाताला लागली तर सोनोग्राफीविषयी विचारा. सगळ्याच हाशिमोटो रुग्णांना सोनोग्राफीची गरज नसते.

५. पहिल्या भेटीसाठी फाइल तयार करा

डॉक्टरांसमोर मिळणारी दहा मिनिटे वाया जाऊ नयेत, म्हणून एका पातळ फाइलमध्ये पुढील कागद तारखेच्या क्रमाने लावा:

- थायरॉइडचे सर्व जुने रिपोर्ट, लॅबचे नाव आणि मर्यादा दिसतील असे.
- अलीकडचे हिमोग्लोबिन, साखर, लिपिड, ब-१२ आणि ड-जीवनसत्त्वाचे रिपोर्ट असल्यास तेही.
- चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी. त्यात कॅल्शियम, लोह, अॅसिडिटीच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि केसांची औषधेही लिहा.
- घराण्यातील ऑटोइम्यून आजारांची नोंद.
- पाळीच्या तारखा, गर्भधारणेचा विचार आणि पूर्वीच्या बाळंतपणाची माहिती.
- आपले वजन आणि सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी, आठवडाभराची.

एक प्रश्न स्वतःहून मांडा. त्वचा काळवंडत असेल, खारट खाण्याची अनावर इच्छा होत असेल, उभे राहताना चक्कर येत असेल आणि वजन घटत असेल, तर ते गोळी सुरू होण्याआधीच सांगा. मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीचाही ऑटोइम्यून आजार सोबत असेल, तर आधी त्याचे उपचार न करता थायरॉक्सिन सुरू करणे धोक्याचे असते. हे क्वचितच घडते, पण सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

बहुतेकांचे काम फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनकडे उत्तम भागते. गरोदरपण, हृदयविकार, गाठ, ग्रेव्हजची शंका किंवा डोस वाढवूनही न हलणारे टीएसएच असेल तर एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे, जावे.

६. गोळी घेण्याची पद्धत पक्की बसवा

सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, काहीही नाही. आपल्या घरांत अडचण येते ती चहाची. दूध आणि चहा दोन्ही गोळी शोषण्यात अडथळा आणतात, त्यामुळे गोळी आणि कप हातात हात घालून येता कामा नयेत. मी गोळीची बाटली उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवते, साडेपाचला डोळे उघडले की आधी गोळी, मग अंघोळ, पाणी भरणे, देवपूजा, आणि नंतर चहाचे आधण. ज्यांना सकाळ जमतच नाही, त्यांनी रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी झोपताना घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. तीही मान्य पद्धत आहे. चतुर्थी-एकादशीच्या उपासाला गोळी सोडू नका. रोजा ठेवणाऱ्यांनी वेळ कशी बदलायची हे रमजानच्या आधीच ठरवून घ्यावे.

माझ्या हातून झालेली मोठी चूक इथली आहे. दुसऱ्या वर्षी माझे टीएसएच २.६ वरून १४ वर गेले. डोस वाढवला गेला, तरी ते फारसे उतरेना. शेवटी लक्षात आले की त्याच सुमारास मला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू झाली होती, आणि ‘एकदाच काय ते आटपून टाकू’ म्हणून मी तिन्ही गोळ्या सकाळी एकत्र घेत होते. लोह आणि कॅल्शियम पोटातच थायरॉक्सिनला बांधून ठेवतात. या दोन्हींमध्ये आणि थायरॉइडच्या गोळीमध्ये चार तासांचे अंतर हवे. काही अँटासिडनाही हाच नियम लागतो. मी लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्री नेले, आणि दोन महिन्यांत टीएसएच जुन्या डोसवरच ताळ्यावर आले.

दुकानातून बाटली घेताना आकडा मोठ्याने वाचा. १२.५ आणि १२५ मायक्रोग्रॅम अशा दोन्ही गोळ्या मिळतात. टिंबाने दहापट फरक पडतो. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स यांपैकी जी कंपनी सुरू केली तीच ठेवा, आणि नाइलाजाने बदलावी लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. ही गोळी उष्णता आणि दमटपणा सहन करत नाही. गॅसच्या वरचा कप्पा, न्हाणीघर, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी, या तिन्ही जागा तिला वर्ज्य आहेत.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरू नका. थायरॉक्सिन शरीरात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाने काही बिघडत नाही. मात्र ‘बरे वाटते’ म्हणून महिनाभर बंद केली तर जुने सगळे परत येते.

७. सहा ते आठ आठवडे थांबा, मगच तपासा

डोस बदलल्यावर टीएसएच स्थिर व्हायला हा वेळ लागतोच. पंधरा दिवसांत तपासणी करून घाबरणे आणि डोस पुन्हा बदलून घेणे, यातून मी एका उन्हाळ्यात तीन वेगवेगळ्या डोसवर होते आणि कोणत्याच डोसचा खरा परिणाम कळला नाही. वृद्ध आणि हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर मुद्दाम १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. टीएसएच स्थिरावले की सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते. रक्त देण्याच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्या आणि दरवेळी साधारण त्याच वेळेला लॅबमध्ये जा.

८. मूल हवे असेल तर आधी टीएसएच, मग पुढचे

पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची थायरॉइड काम करत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर चालते. म्हणून आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीने गर्भधारणेआधीच टीएसएच २.५ च्या खाली आणून घ्यावे, असे डॉक्टर सुचवतात. दिवस राहिल्याचे कळताच त्याच आठवड्यात तपासणी करावी, कारण गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. डोस किती आणि कसा वाढवायचा हे आधीच विचारून लिहून ठेवलेले असले, की अपॉइंटमेंटची वाट पाहण्यात दिवस जात नाहीत. गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी होते. या काळात लोह आणि कॅल्शियम प्रत्येकीलाच दिले जाते, त्यामुळे चार तासांचा नियम इथे सर्वांत जास्त मोडला जातो.

९. जाहिरातींपासून सावध राहा

‘थायरॉइड मुळापासून बरा’ असे सांगणारे काढे, पावडरी आणि शिबिरे तुमच्यापर्यंत पोहोचतीलच. अश्वगंधामुळे थायरॉइडची संप्रेरके वाढल्याच्या नोंदी आहेत. गोळीसोबत ती घेतल्यास डोसचे गणित बिघडते. कोबी-फ्लॉवर शिजवून, घरच्या भाजीच्या प्रमाणात खाण्याने काही होत नाही, त्यामुळे तो ताटातून घालवू नका. सोयाबीन खात असाल तर गोळीपासून लांबच्या वेळी आणि प्रमाण सारखे ठेवून खा. सीलिअॅक आजार तपासणीत निघाला तर गहू पूर्ण बंद करावाच लागतो. तो नसताना पोळी सोडल्याने थायरॉइड सुधारतो याला भक्कम आधार नाही. गहू आधीच सोडला तर सीलिअॅकची रक्ततपासणी खोटी निर्दोष येऊ शकते, म्हणून आधी तपासणी, मग आहारातील बदल. सेलेनियमच्या गोळ्यांनी प्रतिपिंडे थोडी उतरल्याचे काही अभ्यासांत दिसते, पण त्याने गोळी सुटते असे नाही, आणि जास्त सेलेनियम विषारी ठरते.

१०. या वेळी वाट पाहू नका

डोस सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर छातीत दुखणे, नाडी अनियमित लागणे किंवा विश्रांतीतही धडधड राहणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गळ्याची सूज काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर लगेच दाखवा. हाशिमोटोच्या ग्रंथीत क्वचित लिंफोमा (लिंफोसाइट पेशींचा कर्करोग) होऊ शकतो आणि त्याची पहिली खूण ही झपाट्याची वाढ असते. बऱ्याच दिवसांपासून गोळी बंद असलेली वृद्ध व्यक्ती थंडीत किंवा तापाच्या आजारात सुस्त, गार आणि गोंधळलेली वाटू लागली, तर तिला घरी झोपवून न ठेवता रुग्णालयात हलवा आणि थायरॉइडचा आजार आहे हे दारातच सांगा. घरात ग्रेव्हजचा रुग्ण कार्बिमेझोल घेत असेल आणि त्याला ताप येऊन घसा दुखू लागला, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची मोजणी करून घ्या. घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये आपल्या गोळीचे नाव, डोस आणि डॉक्टरांचा नंबर लिहून ठेवा. मी तो कागद फ्रिजच्या दारावरही लावला आहे, आणि डोस बदलला की त्यावरची तारीख बदलते.